टॉवेलखालचा रॅचेट

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याला बसायला स्टूल मिळायच्या आधी हात बुडवायला तेल मिळे. काउंटरवर एक पातेलं असे आणि त्यात इंजिनातून काढलेलं जुनं, काळंकुट्ट तेल. "घाला हात," अण्णा म्हणत. गिऱ्हाईक एकदा पातेल्याकडे बघे, एकदा आपल्या इस्त्रीच्या बाहीकडे. निम्मी माणसं तिथूनच परत फिरत. उरलेल्यांच्या तेलकट हातात अण्णा रॅचेट देत आणि हिसका मारून ओढून बघत. सुटला, तर रॅचेट परत फडताळात जाई आणि गिऱ्हाईक हात पुसायला चिंधी मागे. ती देण्याचं काम माझं.

बेळगावच्या खासबागेतलं हे हत्यारांचं दुकान अण्णांचं, आणि मी तिथला एकुलता एक नोकर. पाने, पकडी, जॅक असं सगळं आमच्याकडे होतं, पण अण्णांचा जीव गुंतला होता तो फक्त मान वळणाऱ्या रॅचेटमध्ये. ज्यांचा ह्या गोष्टींशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॅचेट म्हणजे पुढे नटाच्या मापाची गोटी बसवलेला असा पाना, की जो नटावरून न काढता नुसता पुढेमागे हलवला तरी नट फिरत जातो आणि कटकट आवाज येतो. साध्या रॅचेटची मान ताठ असते. ह्याचं डोकं मात्र मानेतून वाकतं, त्यामुळे इंजिनाच्या पाठीमागे, जिथं सरळ हात जात नाही, तिथला नटही निघतो. कुठल्याही बऱ्या दुकानात असा रॅचेट पाच मिनिटांत घेऊन घरी जाता येतं. आमच्याकडे निदान दोन खेपा धरून चालावं लागे.

अण्णा मूळचे विणकरांच्या घरातले. पण मागाच्या खटखटीला कंटाळून ते कॅम्पातल्या लष्करी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून लागले आणि वीस वर्षं गाड्यांच्या पोटात हात घालून बाहेर पडले. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक, भल्या सकाळी दाढी करायची सवय, आणि दुसरी, भाषांची वाटणी. ते बोलत मराठीत, मोजत कानडीत आणि शिव्या देत हिंदीत.

मोजणं हा तर सोहळाच होता. नवा माल आला की त्यातला एकेक रॅचेट कानाला लावायचा, डोळे मिटायचे आणि हळूहळू फिरवत त्याचे दात मोजायचे. "ओंदु, एरडू, मूरु, नाल्कु..." एका फेऱ्यात बहात्तर कटकट झाल्या पाहिजेत. जितके दात जास्त, तितकं अडचणीच्या जागी थोडक्या हालचालीत काम भागतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळे, की अण्णा मोजत असताना दुकानात कोणी तोंड उघडायचं नाही. मध्येच कोणी "खिळे हाईत काय?" म्हणून विचारलं की अण्णा डोळे न उघडता हिंदीत एक शब्द बोलत आणि पुन्हा ओंदुपासून सुरुवात करत. एक रिक्षावाला तिसऱ्या ओंदुला उठला, घरी जाऊन जेवून आला, तेव्हा अण्णा पन्नाशीच्या पुढे गेले होते.

त्यानंतर मानेची परीक्षा. रॅचेटचं डोकं अर्धवट वाकवून तो काउंटरच्या कडेला असा ठेवायचा, की डोकं अधांतरी राहील. मग दिवसभर धंदा करता करता त्याच्यावर नजर. संध्याकाळपर्यंत ज्या डोक्यानं खाली झुकायला सुरुवात केली, ते नापास.

"मान वळली पायजे, पर पडाय न्हाय पायजे," अण्णा म्हणत. "आत हात घातला आन् मान पडली, तर नट कुठं, गोटी कुठं, आन् मेकॅनिक कुठं!"

एकदा पुण्याहून एका कंपनीचा टायवाला माणूस माल दाखवायला आला. त्याचा रॅचेट अण्णांनी कडेला ठेवला आणि त्याला म्हणाले, "बसा." तो म्हणाला, "अहो, हा माल परदेशात जातो." अण्णा म्हणाले, "व्हय? मग जाऊ दे की, हितं कशाला आनलासा?" तो बिचारा दोन चहा पिऊन उठला, कारण त्याच्या मालानं बसल्या जागी मान टाकली होती.

सगळ्यात मोठा घोळ मात्र हाताचा. माणसाच्या हाताप्रमाणे रॅचेट, असा अण्णांचा कायदा होता. कासार बांगड्या भरताना बाईचा हात दाबून, चुरून, अंगठ्याचं हाड आत ढकलून बघतो ना, तसा ते गिऱ्हाइकाचा हात दोन्ही हातांत घेऊन बघत. ज्याचा हात त्यालाच रॅचेट. दुसऱ्यासाठी नेतो म्हणालात, की विषय संपला.

कॅम्पात राहणारे एक निवृत्त सुभेदार जावयाला भेट द्यायला रॅचेट मागायला आले. अण्णा म्हणाले, "जावई आना." जावई दुबईला. सुभेदार संतापून गेले. आठ महिन्यांनी ते खरंच जावयाला घेऊन आले, तेही विमानतळावरून थेट. सामानाच्या बॅगा रिक्षात, आणि मुलगीही रिक्षात. अण्णांनी जावयाचा हात चांगला पाच मिनिटं दाबला आणि विचारलं, "काय करता?" जावई म्हणाला, "बँकेत आहे." अण्णांनी हात अलगद सुभेदारांच्या हातात परत दिला. "लई मऊ हाय. ह्यास्नी स्क्रूड्रायव्हर बी नको, लागंल." सुभेदार पुन्हा आमच्या रस्त्यानं गेले नाहीत.

घरी ह्याची चेष्टा होई. काकू, म्हणजे अण्णांची बायको, मला म्हणत, "मला बघाय आलतं तवा पोह्याची बशी संपली आन् होकार दिला. आन् त्या लोखंडाला आठ-आठ दिस बघत्यात." अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करत. मला वाटतं त्यांना ते खरंच वाटत असावं.

हात पास झाला, की शेवटी टॉवेल. अण्णांनी एक लाकडी खोकं केलं होतं. पुढून उघडं, आणि आतल्या पाठीमागच्या फळीवर एक नट घट्ट बसवलेला. गिऱ्हाइकानं रॅचेट घेऊन हात आत घालायचा आणि अण्णा आपल्या खांद्यावरचा टॉवेल वरून टाकत. मग ते स्वतःचाही हात टॉवेलखाली सरकवत आणि बोटं कुठं चुकतात ते चाचपून दुरुस्त करत.

"डोळ्याला दिसतंय ते कुणी बी खोलंल," ते म्हणत. "गाडीत डोळा पोचत न्हाय. तितं बोटास्नी दिसाय पायजे."

हे सगळं मी आता हसून लिहितोय, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मी सदलग्याजवळच्या खेड्यातला. बारा वर्षं मी त्या दुकानात होतो, चाळिशीला टेकलो होतो आणि मला रॅचेटखेरीज काही येत नव्हतं. गिऱ्हाईक फोनवर बोट फिरवून घरपोच पाने मागवू लागलं होतं. त्यात अण्णांचा मुलगा पुण्याहून गणपतीला आला. दोन दिवस दुकानात बसला, तीन गिऱ्हाइकं परत जाताना त्यानं बघितली आणि जाताना सरळ सांगून गेला, "दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर शटर मोबाइलच्या कव्हरवाल्याला देतोय. त्याच्याशी बोलणं झालंय." अण्णा रॅचेट कानाला लावून मोजत बसले. मी मात्र त्या रात्रीपासून झोपेत मोबाइलची कव्हरं बघू लागलो.

अशात निपाणीहून फोन आला. एक ट्रान्सपोर्टवाले होते, शंभराच्या घरात ट्रक, स्वतःची दोन वर्कशॉपं. त्यांच्या मॅनेजरला चोवीस मान वळणारे रॅचेट हवे होते. चोवीस! मी फोन कानाला धरून उभाच राहिलो. एवढे तर आम्ही दोन वर्षांतही विकले नव्हते. पाठवून द्या म्हणाला, बिल लगेच भागवतो म्हणाला. मी अण्णांना सांगितलं, तर ते फडताळ पुसत म्हणाले, "हात कुठं हाईत?"

"हात निपाणीत हाईत, अण्णा."

"मग हात आना म्हनावं."

मी त्यांच्या पाया पडायचा तेवढा राहिलो. शेवटी मीच तोड काढली. हात येत नाहीत, तर आपण हातांकडे जाऊ. कासारसुद्धा लग्नघरी जातोच की. हे त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही निघालो. दोन पत्र्याच्या पेट्या, ते खोकं, आणि माझ्या मांडीवर झाकण लावलेलं तेलाचं पातेलं.

वर्कशॉपच्या आवारात एका ट्रकच्या सावलीत आम्ही पसारा मांडला. मेकॅनिक गोळा झाले. अण्णा म्हणाले, आधी मॅनेजरचा हात बघू, म्हणजे त्यांना रीत कळेल. मॅनेजर सज्जन माणूस. त्यानं घड्याळ काढून खिशात ठेवलं, तेलात हात बुडवला, खोक्यात घातला. वर टॉवेल पडला आणि टॉवेलखाली अण्णांचाही हात गेला. दोघंही मान खाली घालून गंभीरपणे आतल्या आत खुडबुड करू लागले.

नेमक्या त्याच वेळी मालक आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. दणकट देह, पांढरी टोपी. आप्पांनी दारातूनच ते दृश्य बघितलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आप्पा ट्रकच्या धंद्यात यायच्या आधी तीस वर्षं जनावरांच्या बाजारात दलाल होते. आमच्याकडच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा टॉवेलखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव करतात, म्हणजे भोवती उभ्या असलेल्या माणसांना काही कळत नाही. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा की हजार, ते माल बघून समजायचं. माझा बाप बैल घ्यायला जाई तेव्हा मी हे लहानपणापासून बघितलेलं. अण्णा शहरातले, विणकराचे. त्यांनी उभ्या जन्मात बैलाला हात लावला नव्हता.

तर आप्पांनी काय बघितलं? आपला मॅनेजर आणि बेळगावचा दुकानदार टॉवेलखाली हात घालून बसलेत. भर आवारात!

"काय ठरवायलाईस रं?" आप्पा गरजले. "माझ्या मागनं भाव? किती खानार हाईस ह्यात?"

मॅनेजरनं हात असा ओढून काढला, की तेल त्याच्या शर्टावर उडालं. "आप्पा, मी नट काढत होतो," तो म्हणाला, आणि ते ऐकून आप्पा जास्तच भडकले. त्यांनी त्याला बाजूला ढकललं, खोक्यासमोर बसकण मारली आणि बाही वर सारली. "ठरवायचं तर माझ्यासंगं ठरवा. बघू हिंमत."

अण्णांना वाटलं, हेही हात दाखवायला बसले. ते खूश झाले. "या, या," म्हणत त्यांनी आप्पांचा पंजा तेलात बुडवला, त्यात रॅचेट दिला आणि टॉवेल टाकला.

पुढचं मी आप्पांच्या चेहऱ्यावर वाचलं. टॉवेलखाली काय चाललंय ते दोन्ही बाजूंनी कळणारा तिथं मी एकटाच होतो, आणि मला ओरडावंसं वाटत होतं. आप्पांनी रॅचेटसकट अण्णांचा सगळा पंजा आवळला. म्हणजे पाचशे. आमची खरेदीच अकराशेची. पण घेणाऱ्यानं पहिल्यांदा असाच अपमानाचा भाव करायचा असतो. अण्णांना काय वाटलं? गडी रॅचेट मुठीत आवळून धरतोय. "असं न्हवं," म्हणत त्यांनी आप्पांची करंगळी सोडवली.

आप्पांच्या भुवया वर गेल्या. पाचाचे चार! विकणारा खाली येतोय?

"अजून ढिलं करा," अण्णा मायेनं म्हणाले आणि त्यांनी दुसरं बोट सोडवलं. तीन. आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मॅनेजरकडे बघितलं. तीस वर्षांच्या दलालीत असा माणूस त्यांना भेटला नव्हता. अण्णांनी मधलं बोटही काढलं, उरलेली दोन, अंगठा आणि त्याच्या शेजारचं, रॅचेटच्या मानेवर नीट बसवली आणि पक्की दाबली.

"हां! बास. एवढंच," अण्णा म्हणाले. "ह्या दोनातच सगळं काम हाय."

"दोन?" आप्पांचा आवाज बसला होता.

"दोन."

"पक्कं?"

"अवो, चाळीस वर्सं झाली मी हेच सांगतोय."

आप्पांनी टॉवेल उडवला आणि उठून टाळी वाजवली. "सौदा झाला! दोनशेला एक! सगळ्यांनी ऐकलंय!" मेकॅनिक टाळ्या पिटू लागले. अण्णाही हसत होते. मी त्यांना ट्रकच्या मागे नेलं आणि कानात सगळं सांगितलं. पंजा म्हणजे काय, बोट म्हणजे काय, आणि त्यांनी आता चोवीस रॅचेट कितीला देऊन टाकलेत ते. मला शटर दिसत होतं आणि त्यावर मोबाइलची पाटी. "अण्णा, चुकून झालं म्हना. तुमास्नी म्हाईत नव्हतं म्हना. मी बोलतो," मी म्हणालो.

"टॉवेलखालचा शब्द मोडला तर काय हुतंय?"

"परत त्या बाजारात त्यास्नी कोन उभं करून घेत न्हाय."

अण्णांनी थोडा वेळ तेलकट बोटांनी हनुवटी खाजवली. तिथं काळा पट्टा उमटला. तसेच ते आप्पांसमोर जाऊन उभे राहिले.

"आप्पा, मला तुमच्या बाजारातलं कळत न्हाय. एक सांगा. एका टॉवेलात बैल किती इकत्यात?"

"एक," आप्पा म्हणाले. "लई झालं तर जोडी."

"आन् दावनीतली बाकीची बैलं? ती बी त्याच भावात?"

"ते कसं? हरेक जनावराचा भाव येगळा. ज्याच्यासमोर हुबं ऱ्हाऊन हात घातला, त्याचाच सौदा."

"मग आता माझ्यासमोर कुनाचा हात हुता?"

आप्पांनी आपल्या तेलकट पंजाकडे बघितलं.

"तुमचा," अण्णाच म्हणाले. "त्यो सौदा मला मान्य हाय. हा घ्या तुमच्या हाताचा रॅचेट, दोनशेला. शब्द म्हंजे शब्द. बाकीचं चोवीस हात अजून माझ्याम्होरं आलेलं न्हाईत."

मला वाटलं, आता आप्पा पेट्या रस्त्यावर फेकणार. त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. आपलाच कायदा आपल्याच माणसांसमोर मोडायचा कसा? मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते इतके हसले, की मॅनेजरला पाणी आणायला धावावं लागलं.

"बेळगावकर, तुमी बाजारात पायजे हुता," आप्पा म्हणाले. "माझा हात तरी पास हाय काय?"

"हात चांगला हाय," अण्णा म्हणाले. "फकस्त सगळ्यास्नी दाबायची सवय हाय."

मेकॅनिकांपैकी कोणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकला काढला.

दुपारभर एकेक हात तेलातून निघून टॉवेलखाली गेला. चोवीस जण, आणि मी मनातल्या मनात चोवीस पावत्या फाडत होतो. पण अण्णा ते अण्णाच. सात जणांचे जुने रॅचेट त्यांनी खोलले, आतली घाण धुतली, चिमूटभर ग्रीस भरलं आणि "ह्येला काय बी झालेलं न्हाय," म्हणून परत दिले. प्रत्येक वेळी माझ्या काळजात एक कटकट होई. सतरा विकले गेले, अण्णांच्या ठरल्या भावानं, एक रुपया कमी नाही. निघताना आप्पा म्हणाले, दुसऱ्या वर्कशॉपचे हात सोमवारी जीपनं खासबागेला पाठवतो, आणि ह्यापुढं आपल्याकडं पाना म्हणून जे काही लागेल ते तुमच्याकडनंच. अण्णांनी तिथूनच मुलाला फोन लावला. "शटर कुनाला देऊ नगंस. सोमवारी लोक येनार हाईत," एवढंच बोलून ठेवून दिला.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. संकेश्वर गेलं तरी अण्णा आपली बोटं न्याहाळत होते. मग म्हणाले, "मला ते बोटांचं दाव की. परत असं फसाय नको."

मी टॉवेल आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि शिकवलं. एक बोट एक, दोन बोटं दोन, सगळा पंजा पाच. पुन्हा पंजा दाबला की दहा. त्यांना दोन मिनिटांत आलं. शेवटी बोटांचाच माणूस.

"आता काय तरी इचार," ते म्हणाले. "सौदा करू."

मला दुसरं काही सुचलं नाही. गणपतीपासून घशात अडकलेलं तेच तोंडातून निघालं. "अण्णा, अजून किती वर्सं ठेवनार मला दुकानात?"

त्यांनी खिडकीबाहेर बघत माझा सगळा पंजा दाबला. पाच. पुन्हा दाबला. दहा. मला तेवढ्यात सौदा मान्य होता. पण त्यांनी हात सोडला नाही. पंधरा. वीस. हत्तरगी आलं, टोलनाका गेला, शेजारची बाई आमच्या टॉवेलकडे संशयानं बघू लागली, आणि हे दाबतातच आहेत.

"अण्णा," मी शेवटी म्हणालो, "एवढी वर्सं मी जगनार न्हाय."

"गप," अण्णा म्हणाले. "मोज."